मीटर शून्य दाखवतो, तरीही...

जळगावात किंवा धुळ्यात घरी प्रवाळांची टाकी ठेवायची म्हटली, तर पहिली अडचण उघडच आहे. समुद्र दोन-तीनशे किलोमीटर दूर. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले ते समुद्राच्या काठावरच. खानदेशात मात्र समुद्र घरी तयार करावा लागतो. साध्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात बाजारात मिळणारे मिश्र क्षार विरघळवायचे. (प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या खडकावरून एखादा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरतो. शाळेत टाकी करायचीच तर प्रवाळांविना करावी. पाण्याचे रसायन तेच राहते.)

येथे चौकस विद्यार्थी विचारतो: बोअरच्या पाण्यात क्षार आधीच आहेत, मग ते आयतेच मिळाले की नाही?

प्रश्न चांगला आहे. खानदेशचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडक हळूहळू विरघळवते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट मिळतात. म्हणून साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. पण समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतेच. प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम हवेच असते. आपल्या विहिरीतले शंभर-दीडशे मिलिग्रॅम त्याला बाधत नाहीत.

बाधतात ते दुसरे दोघे. खडकाबरोबर सिलिकाही विरघळते. बेसॉल्टमधल्या पाण्यात ते लिटरला वीस-तीस मिलिग्रॅम सहज असते, तर प्रवाळांच्या उथळ समुद्रात एक मिलिग्रॅमहूनही कमी. सिलिका मिळाली की डायाटम नावाची सूक्ष्म शैवाले फोफावतात आणि काचेवर, दगडांवर तपकिरी साय धरते. दुसरा नायट्रेट. तो खडकातून येत नाही. येतो शेतातल्या नत्रखतातून, उकिरड्यातून, शौचालयांच्या खड्ड्यांतून. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात नत्राचा वापर मोठा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या अनेक विहिरींमध्ये नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आढळले आहे.

आता थोडे गणित करू. शंभर लिटरची टाकी आहे. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात तिच्यातून रोज एक लिटर पाणी उडते असे धरू. उडते ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. ती तूट ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या पाण्याने भरली, तर रोज ४५ मिलिग्रॅम आत जाते आणि बाहेर काहीच जात नाही. महिन्यात १,३५० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे साडेतेराची वाढ. शंभर दिवसांत टाकी नायट्रेटच्या बाबतीत आणखी एक विहीर होते! कूलरच्या ताट्यांवर उन्हाळ्याअखेर जो पांढरा थर दिसतो, त्यामागे हीच क्रिया असते. म्हणून वाफेची तूट नेहमी शुद्ध पाण्यानेच भरतात.

मग शुद्ध करायचे कसे? नळाचे पाणी असेल तर आधी कोळशाच्या गाळणीतून क्लोरीन काढावा लागतो, नाहीतर पुढचे पटल खराब होते. त्यानंतर आर.ओ.चे पटल बहुतेक क्षार अडवते. कॅल्शियमसारखे दुहेरी भाराचे आयन ते उत्तम रोखते, पण एकेरी भाराचा नायट्रेट त्या मानाने अधिक निसटतो. उरलेसुरले आयन शेवटच्या नळीतले आयन-विनिमय रेझीन पकडते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात टी.डी.एस. मीटर बुडवला की तो शून्य दाखवतो.

पण हा मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून मिलिग्रॅम दाखवतो. ज्या पदार्थावर विद्युतभार नाही तो त्याला दिसत नाही. सिलिका साध्या पाण्यात बहुतांशी भाररहित सिलिसिक आम्लाच्या रूपात असते. शिवाय रेझीनची पकड तिच्यावर सर्वांत सैल असते. त्यामुळे रेझीन संपत आले की पहिली निसटते ती सिलिकाच, आणि तेव्हाही मीटरवर शून्यच असतो. टाकीवाल्याला बातमी मिळते ती काचेवरच्या तपकिरी सायीवरून. मॉलिब्डेटची रंगचाचणी मात्र ती आधीच पकडते.

दिसणाऱ्या आयनांतही मीटर भेद करत नाही. ३०० आकड्याच्या पाण्यात निव्वळ कॅल्शियम बायकार्बोनेट असेल, किंवा साठ मिलिग्रॅम नायट्रेटही असेल, आकडा तोच. आपल्या गावांत पिण्याच्या पाण्याचा निवाडा याच मीटरवर होताना आम्ही पाहतो, आणि ते आम्हाला टाकीतल्या शैवालापेक्षा फार गंभीर वाटते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्षार ५०० पर्यंत चालतात, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंतही. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर कसलीही सवलत नाही. जास्त नायट्रेटमुळे बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट तसाच राहतो. उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते.

वर्गात करण्याजोगी चाचणी आहे ती जस्ताच्या भुकटीची. जस्त नायट्रेटचे नायट्राइट करते आणि संचातल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी होते. गुलाबी जितका गडद, तितका नायट्रेट जास्त. शाळेची विहीर, नळ आणि गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी असे तीन नमुने शेजारी ठेवावेत. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. नमुना स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावा, थंड ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावा. बाटली उन्हात पडून राहिली तर तिच्यातले जीवाणू नायट्रेटचे प्रमाण बदलून टाकतात.