इंजिनाला नागपूरचा मे महिनाही थंडच

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ‘पाच-तीस’चा डबा मागितला की अनेकदा एक सल्लाही मिळतो. ‘आपल्याकडचा उन्हाळा बघा. हे पाण्यासारखं ऑइल थंड देशांत ठीक आहे. इथे वीस-पन्नास टाका, इंजिनाचा आवाजसुद्धा कमी होईल.’ सांगणारा मनापासून सांगत असतो आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही. ऊन जास्त, म्हणजे तेल पातळ होणार, मग मुळातच जाड घेतलेलं काय वाईट? या एका तर्कामुळे कितीतरी चांगल्या गाड्यांमध्ये चुकीचं ऑइल पडतं आणि त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. तोवर दोष ऑइलचा होता हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

हा तर्क एकेकाळी बरोबर होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघत होती आणि रस्त्यावर अँबेसेडर होती, तेव्हाची इंजिनं कार्ब्युरेटरची, जुन्या रचनेची होती. फिरणाऱ्या भागांमधली फट मोठी असे आणि झिजल्यावर ती आणखी वाढे. त्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मानवत असे. आजच्या बऱ्याच मेकॅनिकांचे उस्ताद त्या गाड्यांवर शिकले आणि त्यांचं ज्ञान पुढच्या पिढीकडे आलं. इंजिनं मात्र मधल्या काळात पार बदलून गेली.

डब्यावरच्या आकड्यांपासून सुरुवात करू. ५डब्ल्यू-३० यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ऑइलच्या जाडीची ही वर्गवारी पहिल्यांदा १९११ साली केली आणि पुढे ती सुधारत गेली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतली चाचणी सांगतो. ‘५’साठी ती शून्याखाली ३० अंशांना होते, ‘०’साठी शून्याखाली ३५ अंशांना. निफाडला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कितीही गारठा पडला तरी आपण त्या तापमानाच्या जवळपास जात नाही. त्यामुळे केवळ पुढे ‘५’ऐवजी ‘०’ आहे म्हणून जादा पैसे मोजण्यात आपल्याला फारसा अर्थ नाही. दुसरा आकडा १०० अंश सेल्सियसला, म्हणजे चालू आणि तापलेल्या इंजिनात, ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. आपल्यासाठी तोच महत्त्वाचा.

आता खरी गंमत बघा. ऑइल कंपन्या आपल्या प्रत्येक ऑइलचं माहितीपत्रक देतात आणि त्यात जाडी दोन तापमानांना छापलेली असते, ४० अंश आणि १०० अंश. चाळीस अंश म्हणजे विदर्भातली एप्रिल-मेची दुपार. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना १० ते ११ सेंटिस्टोक्स भरतं आणि ४० अंशांना ६० ते ६५. म्हणजे नागपूरच्या भर उन्हात उभी केलेली गाडी सुरू करता, तेव्हासुद्धा ऑइल तापलेल्या इंजिनातल्यापेक्षा सहापट जाड असतं. २०डब्ल्यू-५० घेतलं तर तोच आकडा ४० अंशांना १६०च्या घरात जातो. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तर तो याच्याही कितीतरी पुढे असतो. ऑइलच्या दृष्टीने आपल्याकडे उन्हाळा असा नसतोच. रात्रभर उभी राहिलेली प्रत्येक गाडी त्याच्या लेखी थंडच असते.

एकदा इंजिन तापलं की बाहेरच्या हवेचा प्रश्न बराचसा मिटतो. थर्मोस्टॅट रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ९० अंशांच्या आसपास राखतो आणि ऑइल त्याच्या थोडं वर, ९० ते ११०च्या दरम्यान राहतं, मग गाडी नागपूरला असो की नाशिकला. म्हणजे ज्या उन्हाच्या भीतीने जाड ऑइल टाकायचं, त्या उन्हाचा इंजिनाच्या आतल्या तापमानावर फारसा जोर चालत नाही. जाड ऑइलचा तोटा मात्र रोज सकाळी होतो. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. स्टार्टर मारला की पंपाने ते वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवायचं असतं आणि ते पोहोचेपर्यंतचे क्षण झिजेचे असतात. पातळ ऑइल लवकर पोहोचतं.

‘पण पातळ ऑइल लोखंडाला लोखंडापासून दूर कसं ठेवणार?’ ही शंका रास्त आहे. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर काही मायक्रॉनचाच असतो, केसाहूनही कितीतरी बारीक. तरीही शाफ्ट बेअरिंगला टेकत नाही, कारण फिरता शाफ्ट स्वतःच ऑइल अरुंद फटीत ओढून घेतो आणि तिथे दाब तयार होतो. पावसात साचलेल्या पाण्यावर वेगातल्या गाडीचा टायर तरंगतो, तसाच शाफ्ट ऑइलवर तरंगतो. ही फट किती ठेवायची आणि पंप किती ताकदीचा लावायचा, हे इंजिन आखतानाच एका ठरावीक जाडीचं ऑइल धरून ठरवलेलं असतं. शिवाय आजच्या इंजिनात ऑइल नुसतं वंगण राहिलेलं नाही. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात. तिथल्या बारीक वाटांमधून जाड ऑइल उशिरा पोहोचलं की सकाळी चेनचा खडखडाट ऐकू येतो. मग तोच आवाज दाबायला पुन्हा जाड ऑइल सुचवलं जातं.

याचा अर्थ जितकं पातळ तितकं उत्तम, असाही नाही. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० आणि काहींना ०डब्ल्यू-१६ सांगितलं जातं, त्यामागे इंधनबचतीच्या सरकारी निकषांचाही वाटा आहे. आपल्याकडे कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावरचे निकष २०१७-१८पासून लागू झाले आणि २०२२-२३पासून आणखी कडक झाले. पातळ ऑइलमुळे घर्षण थोडं कमी होतं आणि ॲव्हरेज थोडं वाढतं. म्हणूनच गाडीचं मॅन्युअल नीट वाचायला हवं. अनेक मॅन्युअलमध्ये एकाच इंजिनाला दोन-तीन ग्रेड चालतील असा तापमानाचा तक्ता दिलेला असतो. तुमच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही मान्य असतील, आणि तुम्ही भरल्या गाडीने वरचेवर आंबेनळी किंवा ताम्हिणी घाट चढत असाल, तर मी डोळे झाकून ५डब्ल्यू-३० घेईन. शहरात दहा-बारा किलोमीटरचं जाणं-येणं असेल तर ०डब्ल्यू-२०. पुस्तकात जी ग्रेडच नाही, तिच्या वाटेला मात्र जाऊ नये.

जाडी जुळली की काम झालं असं वाटतं, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे आतून अगदी वेगळे असू शकतात. एक चाचणी १५० अंशांना, जोराच्या घुसळणीत ऑइलचा थर किती टिकतो हे मोजते. एसएईच्या ‘३०’ ग्रेडला त्यात किमान २.९ हा आकडा पुरतो. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ दर्जाच्या ऑइलला किमान ३.५ लागतो. म्हणजे आकडे तेच, पण आतलं ऑइल वेगळं.

दुसरा फरक राखेचा. ऑइल जळाल्यावर त्यातली धातूंची रसायनं राख होऊन उरतात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची काजळी अडवणारी गाळणी असते. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. राख मात्र जळत नाही. ती साचतच जाते आणि गाळणी चोंदते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. सी२ आणि सी३ दर्जात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रकमध्ये वर्षानुवर्षं पडत आलेल्या १५डब्ल्यू-४० सीआय-४ ऑइलमध्ये ती सहज एक टक्क्याच्या वर असते. बीएस-६ डिझेल एसयूव्हीत हे ऑइल ओतलं तर लगेच काही बिघडल्यासारखं वाटत नाही. पण डीपीएफ बदलायची वेळ येते तेव्हा ऑइलवर वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट बिल होतं.

पेट्रोलवाल्यांनी एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जा बघावा. ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलमध्ये पुढचं अक्षर मागच्याची जागा घेतं. पुस्तकात एसएन लिहिलं असेल तर २०२० साली आलेलं एसपी बिनधास्त चालतं. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी तर एसपीच घ्या. या इंजिनांत कमी वेगात, जास्त गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटून पिस्टनला जबर दणका बसू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या रसायनांचा यात हात असल्याचं आढळलं, म्हणून नव्या ऑइलची घडण बदलली गेली. मोटारसायकलमध्ये मात्र कारचं उरलेलं ऑइल ओतू नका. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरू लागतो. तिच्यासाठी जासो एमए लिहिलेला डबा वेगळा मिळतो.

‘फुल्ली सिंथेटिक’ या शब्दाला मात्र फार भुलू नये. कच्च्या तेलावर हायड्रोजनच्या साह्याने खोलवर प्रक्रिया करून बनवलेल्या बेस ऑइलला सिंथेटिक म्हणता येईल का, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांचा वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरात-तक्रार मंडळाने तसं म्हणायला हरकत नसल्याचं सांगितलं. ही ऑइल वाईट नाहीत, उलट चांगली आहेत. पण डब्याच्या दर्शनी बाजूवरचा मोठा शब्द तुमच्या इंजिनाबद्दल काही सांगत नाही. डबा उलटा करा आणि मागची बारीक छपाई वाचा. तिथे एपीआय, एसीईए आणि काही वेळा गाडी कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असतो. विशेषतः जर्मन गाड्यांना हा क्रमांक जुळलाच पाहिजे. आणि ‘अमुक गाडीसाठी योग्य’ हा ऑइल कंपनीचा दावा असतो, तर ‘अप्रूव्हल’ म्हणजे गाडी कंपनीने तपासून दिलेली मंजुरी.

ऑइल काळं पडलं म्हणून बदलायची घाई करू नये. डिझेलमध्ये ते काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं, आणि तेच त्याचं काम आहे. याच्या उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी जवळजवळ नसते. ऑइल सोनेरी दिसत राहतं आणि मालक निर्धास्त होतो. पण सीएनजीच्या ज्वलनातल्या उष्णतेने आणि नायट्रोजनच्या संयुगांनी ते आतून बिघडत असतं. त्यामुळे रंगावर न जाता पुस्तकातलं अंतर किंवा महिने, यातलं जे आधी येईल ते पाळावं. वाहतूककोंडीत अडकणारी, रोज जेमतेम तीन-चार किलोमीटर चालणारी गाडी वर्षाला कमी किलोमीटर करते, पण तिच्या ऑइलचे हाल जास्त होतात. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे चेंबरमधली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून बघावी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, दांडी पुसून पुन्हा घाला आणि मग काढा. पातळी खाली गेली तर काळजी वाटणं साहजिक आहे. पण वरच्या खुणेच्या पुढे चढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर डीपीएफ साफ करताना फवारलेलं डिझेल खाली उतरलंय. अशा वेळी सर्व्हिसची तारीख येण्याची वाट न पाहता ऑइल बदला.

बाजारात नकली ऑइल आहे आणि ते भरायला खऱ्या कंपनीचे रिकामे डबे लागतात. म्हणून सील तुमच्यासमोर तोडायला सांगा, बॅच नंबर बघा आणि रिकाम्या डब्याला तिथेच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून घ्या. चांगला मेकॅनिक याचा राग धरत नाही. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ न लिहिता ग्रेड आणि दर्जा लिहून घ्या. वॉरंटीतल्या इंजिनाबद्दल वाद झाला तर त्याच कागदाचा आधार असतो.

आणि काढलेलं जुनं ऑइल कुठे जातं, हेही विचारा. कितीतरी ठिकाणी ते सेंटरिंगच्या फळ्यांना फासलं जातं, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना लावलं जातं, नाहीतर सरळ गटारात सोडलं जातं. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारीही आली आहे. नोंदणीकृत केंद्रात त्यापासून पुन्हा बेस ऑइल काढता येतं. जो गॅरेजवाला ते पिंपात साठवून अशा केंद्राला देतो, त्याच्याकडे चार पैसे जास्त पडले तरी मी गाडी तिथेच नेईन.