शाळेची परसबाग : न खणता भाजीपाला

कृष्णा आणि कोयना ह्या नद्यांच्या संगमावर वसलेल्या कराडच्या परिसरात माघ सरत आला की दोन दृश्ये एकाच वेळी दृष्टीस पडतात. एकीकडे ऊसतोड चालू असते व रिकाम्या झालेल्या अनेक फडांतील पाचट पेटविले जाते. दुसरीकडे शाळांच्या परसबागांत उन्हाळी भाजीसाठी कुदळीने वाफे खणण्यास प्रारंभ होतो. ह्या दोन्ही प्रथा फेरविचारास पात्र आहेत. जे पाचट जाळले जाते तेच वाफ्यावर पसरले, तर वाफा वारंवार खणण्याचे कारण उरत नाही.

एक हेक्टर उसापासून साधारणतः ८ ते १० टन पाचट मिळते. ते जाळल्याने त्यातील सेंद्रिय द्रव्य व बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. शाळेच्या बागेस त्यातील दोन-चार भारे पुरेसे होतात.

न खणण्यामागील तत्त्व

जुन्या पिकाच्या मुळ्या जमिनीत कुजल्या म्हणजे त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात. त्यांतून आणि गांडुळांच्या बिळांतून हवा व पाणी खोलवर जाते. कुदळीने ही रचना मोडते. कृष्णाकाठची काळी माती ओली असता खणली तर तिची ढेकळे होतात आणि उघडी राहिली तर उन्हाने तिला भेगा पडतात. शिवाय खोल दडलेले तणांचे बी वर येऊन रुजते. गांडुळे माती कशी चाळतात ह्याचे सविस्तर विवेचन चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. महाराष्ट्रातही कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेती करून त्या विषयावर लेखन केले, तर नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी कायम गादीवाफ्यावर नांगरणीविना भात घेण्याचे ‘सगुणा’ तंत्र रूढ केले.

कृती

वाफा ३ फूट रुंद व १० फूट लांब आखावा. दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मध्यापर्यंत पोहोचतो; त्यामुळे वाफ्यात पाय ठेवण्याचा प्रसंग येत नाही. हिवाळी मेथी, वाल, घेवडा इत्यादी पिके संपली की ती उपटू नयेत, जमिनीलगत कापावीत. वाल-घेवड्याच्या मुळांवरील गाठींतील नत्र मातीतच राहते. जागा नवी व गवताळ असल्यास गवत कापून, पाणी देऊन, त्यावर चिकटपट्टी काढलेले भिजविलेले पुठ्ठे अंथरावेत. वर चार बोटे जाडीचा, चांगला कुजलेला खताचा थर द्यावा. मुरमाड जागी हा थर दुप्पट असावा.

फाल्गुनाच्या आरंभी भेंडी, गवार, चवळी व तांदुळजा यांचे बी थेट ह्या थरात पेरावे. तांदुळजा सुमारे महिन्यात व भेंडी सुमारे दीड महिन्यात तोडणीस येत असल्याने शालेय पोषण आहारास उन्हाळी सुट्टीपूर्वीच ताजी भाजी मिळू लागते. रोपे वीतभर झाली की ओळींमध्ये पाचटाचे वीतभर लांबीचे तुकडे पसरावेत. पाचटाची पाती धारदार असल्याने ते तोडण्याचे काम मोठ्यांनी करावे.

घ्यावयाची काळजी

ताजे पाचट मातीत मिसळू नये. ते कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी घेतात आणि रोपे पिवळी पडतात. वर अंथरलेले पाचट सावकाश कुजते व हा दोष फारसा जाणवत नाही. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. कोरड्या पाचटास वाळवी लागते, म्हणून ते ओलसर राहील असे पाहावे. आच्छादनाखाली विंचू असण्याचा संभव असतो. ते काठीने उचलावे, हाताने उचलू नये. लव्हाळा व हराळी केवळ झाकल्याने जात नाहीत. पहिल्या वर्षी त्यांचे कंद व मुळ्या खुरप्याने काढाव्यात. न खणण्याच्या नियमास हा एक अपवाद होय.

विद्यार्थ्यांचे निरीक्षण

शेजारी एक वाफा नेहमीप्रमाणे खणून उघडा ठेवावा. दर आठवड्यास दोन्ही वाफ्यांवर एक-एक तांब्या पाणी ओतून ते मुरण्यास लागणारा वेळ, चार दिवसांनंतरची ओल आणि दिसलेली गांडुळे यांची नोंद मुलांनी वहीत करावी. पुस्तकातील वाक्य मान्य करण्यापेक्षा स्वतःच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची सवय अधिक मोलाची आहे. एखाद्या नोंदीत खणलेला वाफा सरस दिसला तर तीही तशीच लिहावी.

सुट्टी लागताना पाचटाचा थर वाढवावा व आठवड्यातून दोनदा पाणी देण्याची जबाबदारी शाळेजवळच्या एखाद्या पालकाकडे सोपवावी. झाकलेली माती कमी पाण्यात तग धरते. मृगाच्या पहिल्या सरींचा मारा पाचटावर बसतो आणि खालची माती वाहून जात नाही. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पाचट बाजूला सारून पावसाळी पेरणीस लागता येते.