नाव गळून पडल्यावर

नागपुरात सेमिनरी हिल्स म्हटले की पहाटेचे फिरणे आणि बालोद्यान आठवते. टेकडीला नाव देणारी सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारे सेंट चार्ल्स विद्यालय, तिथेच आहे. पण फिरायला येणारे या नावाचा अर्थ क्वचितच विचारतात. इथे नाव उरले, अर्थ बाजूला पडला. मध्ययुगीन ख्रिस्ती गूढवाद्यांच्या बाबतीत उलटे घडले.

सुरुवातच उसन्या नावाने झाली. सन ५००च्या सुमारास एका अज्ञात लेखकाने संत पौलाच्या शिष्याचे, डायोनिसियसचे, नाव घेतले आणि लिहिले की देवाविषयी जे जे म्हणावे ते ते शेवटी पुसावे लागते. उरतो तो डोळे दिपवणारा अंधार. 'नेति नेति' ऐकत आलेल्या आपल्याला हे परके वाटत नाही.

मार्गरेट पोरेत या फ्रेंच बाईने ही पुसापुशी स्वतःवर केली. तिचे म्हणणे असे, की ज्या जिवाला स्वर्गही नको, स्वतःची इच्छाही नको, त्याच्यातच देवाला जागा मिळते. हे सांगणारे तिचे पुस्तक तिच्यादेखत जाळले, तरी तिने ते वाटणे थांबवले नाही. १ जून १३१० रोजी पॅरिसमध्ये तिलाच जाळले. चौकशीत ती गप्प राहिली. पुस्तक मात्र लॅटिन, इटालियन, इंग्रजीत मठामठांतून निनावी फिरत राहिले. ते तिचे, हे १९४६ मध्ये उमगले. 'मी' संपवा म्हणणारा ग्रंथ सहाशे वर्षे 'मी'शिवाय जगला!

तिच्याच काळातला डोमिनिकन धर्मगुरू माइस्टर एकहार्ट तर देवालाच विनवी, की मला देवापासून सोडव. देवाची आपण केलेली कल्पनाही सोडा, असा त्याचा रोख. विद्वानांच्या लॅटिनबरोबर तो जर्मन बोलीत प्रवचने करी. आपल्याकडे १२९०ची ज्ञानेश्वरी याच काळातली, तीही लोकभाषेतली. एकहार्टच्या मृत्यूनंतर, १३२९ मध्ये, पोपने त्याच्या २८ विधानांवर ठपका ठेवला. पुढे इंग्लंडात 'अज्ञानाचा मेघ' लिहिणाऱ्याने तर आपले नाव सांगितलेच नाही.

मराठीत ही वाट नागपूरवरून गेली, पण वेगळ्या चालीने. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने इथे 'ऋषी' मासिक चालवणारे कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असता रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचा ख्रिस्ती धर्मावर संवाद झाला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची चाकरीही सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या साऱ्यांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. टिळक शून्यवादी नव्हते. त्यांचा ख्रिस्त सगुण, जवळचा, माउलीसारखा. तरीही अभंगाच्या शेवटी, जिथे तुकोबा 'तुका म्हणे' म्हणतात, तिथे टिळकांनी 'दास' घातला.

पॅरिसच्या चौकात जे आगीने झाले, ते मराठीत एका शब्दाने साधले. कवीच्या नावाची जागा तशीच राहिली. तिथला 'मी' तेवढा उठून गेला.