सातबारावरील नांव आणि मालकाची हयात

दाभोळ व आसपासच्या गांवीं पुष्कळ जमिनी सामाईक असून त्यांतील कित्येक हिस्सेदार मुंबईस राहतात. अशी जमीन खरेदी करतांना, सातबारावर ज्याचें नांव आहे तो हयात आहे असें शेतकरी बंधूंनीं गृहीत धरूं नये. वारसांनीं वर्दी देऊन फेरफार होईपर्यंत मयताचें नांव उताऱ्यावर तसेंच राहतें. शिवाय मुखत्यारपत्र लिहून देणारा वारला, कीं सामान्यतः मुखत्यारी संपते. त्यानंतरचें खरेदीखत वादांत सांपडतें.

मग शोध कोठें करावा? प्रथम गांव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, व फेरफार पहावे. तेथें कांहीं न आढळल्यास मृत्यूच्या नोंदवहीकडे वळावें. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें मृत्यूची नोंद जेथें मृत्यु घडला तेथें होते. जमीन असेल तेथें नव्हे. मनुष्य दाभोळास वारला तर ग्रामपंचायतींत, मुंबईस वारला तर महानगरपालिकेकडे शोध करावा. वर्दीची मुदत २१ दिवसांची असल्यामुळें अगदीं अलीकडील मृत्यूची नोंद लगेच मिळेलच असें नाहीं. कलम १७ अन्वयें फी भरून कोणासही शोध करवून मृत्यूचा दाखला मागतां येतो. त्यांत मृत्यूचें कारण मात्र दिलेलें नसतें. अर्जांत संपूर्ण नांव, मृत्यूचें ठिकाण व अंदाजें तारीख लिहावी.

नोंद न सांपडणें हा हयातीचा पुरावा नव्हे. यास्तव हिस्सेदारास समक्ष भेटून त्याची संमति घ्यावी, मगच इसार द्यावा.