खेळांचा हंगाम का थांबला?

मुलांनो, 'हंगाम' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत हंगामा म्हणजे गोंधळ; मराठीत हंगाम म्हणजे ठरावीक काळ. पिकांचा हंगाम असतो, तसा खेळांचाही असतो.

नागपूरला सीताबर्डीच्या किल्ल्याजवळ कस्तुरचंद पार्क आहे. तेथे मुले क्रिकेट खेळतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली. बर्डीचा गजबजलेला बाजार बंद झाला आणि मैदानेही ओस पडली.

मैदान तर मोकळे असते, मग खेळ का थांबवायचे? कबड्डी आठवून पाहा. चढाई करणाऱ्याला चौघे-पाचजण कवटाळतात. त्याचा श्वास त्यांच्या तोंडावर येतो, आणि ही साथ श्वासातूनच पसरत होती. क्रिकेटमध्ये खेळाडू दूर उभे राहतात हे खरे. पण सारा संघ एकत्र प्रवास करतो, एकत्र जेवतो आणि नंतर घरी म्हाताऱ्या आजी-आजोबांकडे जातो.

विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला होता. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा महायुद्धातही थांबली नव्हती. २०२०-२१ मध्ये मात्र ती प्रथमच झाली नाही. विद्यापीठांची 'खेलो इंडिया' स्पर्धा २०२० च्या आरंभी भुवनेश्वरला झाली. पुढची स्पर्धा बंगळूरला व्हायला २०२२ साल उजाडले. तोवर शेवटच्या वर्षाचे कितीतरी विद्यार्थी न खेळताच कॉलेजातून बाहेर पडले असतील!

अमेरिकेत ही अडचण ओळखून, २०२० च्या वसंत ऋतूतील खेळ बुडालेल्या कॉलेजच्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून देण्यात आले.