सिंदीचा तान्हा पोळा आणि आपल्या गोठ्यातली जोडी



पोळा सरला की दुसरा दिवस भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात या दिवशी सकाळी दारापुढे पळसाचा मेढा ठेवतात आणि दुपार कलली की पोरेसोरे लाकडी बैलाला दोरी बांधून आळीतून हिंडवतात. हाच तान्हा पोळा. बैलांचा पोळा महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होतो, पण तान्ह्या पोळ्याचे खरे कौतुक विदर्भातच. त्यातही वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) या छोट्या गावाच्या तान्ह्या पोळ्याचे नाव मोठे. एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून यंदा आम्ही काही सभासद मंडळी तेथे जाऊन आलो.

उमरखेडकडून निघालेल्यास वाट सरळ आहे. महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा आणि पुढे सेलूवरून सिंदी. एकीकडचे अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जाते, तेव्हा पहाटे निघणे बरे. वाटेत कळंबला चिंतामणीचे दर्शन होते. हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असल्याने पायऱ्या उतरून जावे लागते. रस्ता विचारताना मात्र नुसते ‘सिंदी’ म्हणू नये. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे, ती निराळी. आपली सिंदी वर्धा-नागपूर लोहमार्गावर आहे.

आपल्याकडे पोराच्या हातातला लाकडी बैल वीतभर, फार तर हातभर. सिंदीत मात्र माणसाच्या डोक्यावरून उंच जाणारे नंदी चाकांवरून ओढत आणतात. पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घागरमाळ. खऱ्या बैलाला जो साज, तो सगळा लाकडाच्या बैलाला. मोठ्या नंदीला मोठी माणसे लागतात, आणि त्यांच्या पायापायांतून लहान लेकरे आपापले छोटे बैल सांभाळीत चालतात. आमच्यातल्या एका काकांनी एका नंदीच्या वशिंडावर हात फिरवला, पाय पाहिले, आणि सवयीने दात पाहायला तोंडाशी वाकले! भोवतालचे सगळे हसले. काका म्हणाले, “काय करता बाप्पा, बैल दिसला का हात आपोआपच जाते.”

या सणाची सुरुवात नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींच्या काळात झाल्याचे सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. मोठ्यांच्या पोळ्यात तान्ह्या लेकरांना जागा नाही. बिथरलेल्या बैलाच्या पायाशी त्यांना कोण जाऊ देणार? म्हणून त्यांच्यासाठी लाकडाचे बैल आणि वेगळा दिवस. याच दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. तेथील काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघत असल्याचे सांगतात. रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर घालवायची, ही त्यामागची भावना.

लेकरू लाकडी बैल घेऊन दारोदार जाते, घरची बाई बैलाला ओवाळते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते. हा नुसता खेळ नव्हे. कासरा कसा धरावा, बैलापुढे कसे उभे राहावे, त्याची पूजा का करावी, हे शिकण्याची ही पहिली शाळा. घरी गोठ्यात खरी जोडी असे, तेव्हा या शाळेचा पुढचा वर्ग घरच्या घरीच भरत असे.

आता गोठ्याकडे पाहू. परतीच्या वाटेवर गाडीत सहज हिशेब निघाला. आम्ही अकरा जण; प्रत्येकाच्या वडिलांकडे निदान एक जोडी होती. आज जोडी आहे ती चौघांकडे. बाकीच्यांनी आदल्या दिवशी मातीचे बैल पुजले. एक सभासद म्हणाले, “पोळा त पायजेच, पण बैल बांधाले गडी कुठून आणाव?”

ही गोष्ट आमच्या अकरा जणांपुरती नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर जनावरे सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या गणनेत ती ४ कोटी ७४ लाखांवर आली. म्हणजे सात वर्षांत दहातली तीन दावणीवरून गेली. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे झाले. दोन-तीन एकरांसाठी वर्षभर जोडी पोसणे परवडत नाही. सालदार मिळत नाही. चराईची जागा उरली नाही. नांगरट ट्रॅक्टर काही तासांत करून देतो. त्यातच २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. या कायद्याविषयी सभासदांची मते वेगवेगळी असतील, पण थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घेण्याची जुनी रीत मोडली, हे नाकारता येत नाही.

मग जोडी गेल्याने अडते कुठे? नांगरटीला अडत नाही. अडते ते उभ्या पिकात. कपाशी-सोयाबीनची डवरणी बैलाच्या पावलाने जशी साधते, तशी मोठ्या ट्रॅक्टरने साधत नाही. उसातही सरीत शिरून काम करायचे तर हाती लहान यंत्र हवे, नाहीतर बैल. अवकाळी पावसाने काळी जमीन चिघळली की भरलेली ट्रॉली फडातच रुतते. तेव्हा थोडा ऊस भरलेली बैलगाडी बाहेर निघते. आणि शेणखताचे काय? उसासारखे जमिनीतून भरपूर उचलणारे पीक घ्यायचे आणि उकिरडा मात्र रिकामा, हे फार दिवस चालणारे नाही.

प्रत्येकाने पुन्हा जोडी बांधावी, असा उपदेश आम्ही करणार नाही. पण शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक जोडी ठेवली, वैरण वाटून घेतली आणि कामाच्या पाळ्या लावल्या, तर खर्च अंगावर येत नाही. पाण्याच्या पाळ्या आपण ठरवतोच की. उसाचे वाढे तोडणीच्या दिवसांत मुबलक असते. ते कुट्टी करून इतर वैरणीत मिसळावे. पाचट पेटवून न देता सरीत कुजवले, तर शेणखताची थोडी तरी उणीव भरून निघते. जोडी ठेवणाऱ्या गटाला कारखान्याने काय हातभार लावावा, हा विषय येत्या गट-सभांत सभासदांनी जरूर मांडावा.

सिंदीला पुढल्या वर्षी अवश्य जावे, आणि लेकराबाळांना घेऊन जावे. एवढे मात्र करावे, की जाण्याच्या आदल्या दिवशी, पोळ्याला, ज्याच्या दारी खरी जोडी आहे त्याच्याकडे त्यांना न्यावे. पोळी बैलाच्या मुखात लेकरांच्या हातून घालावी. बैलाची खरखरीत जीभ तळहाताला लागली म्हणजे लाकडी नंदी कशाची आठवण आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.