निवृत्त वैद्याचा ग्रंथ



वैद्याला निवृत्ती नसते, असे म्हणण्याचा आपल्या व्यवसायात प्रघात आहे. तरीही निगडी प्राधिकरणातील आमचा दवाखाना आम्ही गेल्या वर्षी चिरंजीवांच्या स्वाधीन केला आणि सकाळच्या वेळी काय करावे, हा प्रश्न प्रथमच समोर उभा राहिला. उत्तर तयार होते. सवड मिळाली की ग्रंथ लिहिणार, असे कित्येक वर्षे भेटेल त्याला आम्ही सांगत आलो होतो. सवड मिळाली, कागद मात्र तीन महिने कोराच राहिला.

प्रथम विचार आला तो अष्टांगहृदयावर सुबोध टीका लिहिण्याचा. परंतु अरुणदत्त आणि हेमाद्री यांच्यानंतर त्यात आम्ही काय भर घालणार? मग आत्मचरित्राचा मोह झाला. अमृतमहोत्सवाला शाल-श्रीफळाबरोबर वाटली जाणारी अशी पुस्तके आमच्याही कपाटात आहेत. त्यांपैकी किती आम्ही वाचली, हे सांगण्यात अर्थ नाही.

अशा मनःस्थितीत असताना आठवण झाली ती रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची. आकुर्डीहून लोणावळा लोकलने निघाले की देहूरोड, तळेगाव, वडगाव मागे टाकून कामशेत येते. बडोदे संस्थानच्या सेवेतून १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर सरदेसाई या कामशेतला येऊन राहिले. तेव्हा त्यांचे वय साठ होते. पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात त्यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले आणि मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास १९४६ ते १९४८ मध्ये, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, बाहेर पडला. १९५९ मध्ये कामशेतलाच त्यांचे देहावसान झाले.

निवृत्तांना धीर देण्यासाठी हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. आम्हीही ते आधी तसेच घेतले. नीट पाहिले तेव्हा उमगले की सरदेसायांनी निवृत्तीनंतर आरंभ केलाच नव्हता. बडोद्यास राजपुत्रांना शिकविताना जमविलेल्या टिपणांतून त्यांची मुसलमानी रियासत १८९८ मध्येच निघाली होती आणि मराठी रियासतीचा प्रारंभ १९०२ चा. कामशेतला आली ती सवड. सामग्री, सवय आणि प्रश्न हे सारे आधीचे होते. तेव्हा आम्ही विचारावयाचे ते एवढेच, की आमच्याजवळ आधीचे काय आहे?

आमच्याजवळ आहेत रुग्णपत्रके, तीन लोखंडी पेट्या भरून. ती चाळू लागलो तेव्हा जे दिसले त्याने आम्हीच चकित झालो. पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारे कामगार हे आमचे निम्म्याहून अधिक रुग्ण. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. अम्लपित्त, मलावष्टंभ, अनिद्रा, शिरःशूल या तक्रारी घेऊन ते येत, आणि आम्ही पहिला प्रश्न विचारीत असू तो, ‘सध्या पाळी कोणती?’

वाग्भटाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात रात्रिजागरण रूक्ष आणि दिवास्वाप स्निग्ध सांगून, जागरण घडल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे, असा मार्ग दिला आहे. प्रसंगोपात्त जागणाऱ्याला हा उपदेश चोख लागू पडतो. पण जो दर तिसऱ्या आठवड्यात सहा रात्री जागतो, सकाळी घरी येतो तेव्हा भुकेने व्याकूळ असतो आणि ज्याच्या एका खोलीत त्याच वेळी मुलांची शाळेची तयारी चाललेली असते, त्याने काय करावे? त्याच्या बाबतीत जागरणाला सात्म्य म्हणावे की असात्म्य? भोजनकाल कोणता धरावा, अभ्यंग केव्हा सांगावा, विरेचन कोणत्या आठवड्यात द्यावे? या प्रश्नांना आम्ही रोज काही ना काही उत्तर देत आलो. लिहावयाचा ग्रंथ असेल तर तो हाच, आणि तो या पट्ट्यात व्यवसाय केलेल्या वैद्यानेच लिहावा, असे आम्हाला वाटते.

येथपर्यंत उत्साह होता. अडचण पुढे आली.

पत्रकांवर लक्षणे आहेत, निदान आहे, योजना आहे. शेवट बहुतेकांचा नाही. दोन-तीन वेळा येऊन रुग्ण येईनासा झाला की आम्ही तारखेपुढे ‘उपशय’ असा शब्द लिहून पत्रक पेटीत टाकीत असू. बरा झाला म्हणून आला नाही, की गुण न आल्याने दुसरीकडे गेला, याची शहानिशा कधी केली नाही. गर्दीत ते शक्य नव्हते, असे म्हणता येईल. खरे पाहता विचारण्याची भीतीही असावी. अशा पत्रकांच्या आधारे ग्रंथ लिहिला तर तो आमच्या यशाचा पोवाडा होईल, आणि एखादा तरुण वैद्य त्यावर विसंबून चिकित्सा करील.

म्हणून लेखन बाजूला ठेवून आम्ही विचारपूस आरंभिली. (नावे ग्रंथात येणार नाहीत, प्रत्येकाला क्रमांक दिला आहे आणि त्यांची संमती घेत आहोत.) ग्रंथ अपुरा राहील, ही चिंता आता फारशी वाटत नाही. चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचे १७ अध्याय, कल्पस्थान आणि सिद्धिस्थान दृढबलाने पूर्ण केले. आमची पेटी उघडणारा कोणी तरी निघेल.

दुर्गा टेकडीवर सकाळी फिरावयास आमचे अनेक जुने रुग्ण येतात. पहिली गाठ पडली ती अम्लपित्ताच्या एका रुग्णाची. रात्रपाळीवर असताना आमच्याकडे आलेले, आता निवृत्त. त्यांच्या पत्रकावर आमच्या अक्षरात स्वच्छ ‘उपशय’ आहे. आम्ही मोठ्या उमेदीने विचारले, औषधाने किती दिवसांत बरे वाटले?

ते संकोचून हसले. ‘अहो डॉक्टर, राग मानू नका. औषध मी आठ दिवसांतच सोडलं होतं. पुढं कायमची दिवसपाळी मिळाली, तेव्हा आपोआप थांबलं.’

घरी येऊन ते पत्रक काढले, तो शब्द तांबड्या शाईने खोडला आणि शेजारी त्यांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. त्यांनी आणखी दोघांचे पत्ते दिले आहेत. रविवारी चिखलीला जावयाचे आहे.